घन, ठोकळा की तेरीज?

धरमपेठहून:
ऑफिसातल्या नव्या पोरांसाठी मराठीत टिपण लिहितो आहे. पेंटाहोचं केटल हे आकडे इकडून तिकडे नेणारं सॉफ्टवेअर; त्यातून क्यूबला, म्हणजे अनेक अंगांनी मांडलेल्या आकड्यांच्या साठ्याला, एमडीएक्स या क्यूबच्या भाषेत प्रश्न विचारायचा, आधीच काढून ठेवलेले आकडे घ्यायचे, दुसऱ्या टेबलात भरायचे. क्यूबला 'घन' लिहिलं तर शेजारचा म्हणे, "काहून, पाऊस पडते का त्यातून?" आणि प्रीकॅल्क्युलेटेडला 'पूर्वगणित' लिहिलं, ते मलाच वाचवेना.

इतवारीहून:
घन नकोच. घनाला मिती तीन. कळमना बाजारातल्या संत्र्याचा क्यूब केला तर तारीख, बहार, गाव, अडत्या, इथेच चार झाल्या. आणि जुन्या वहीत मिती म्हणजे तिथी! तारखेची मिती म्हणजे मितीची मिती. क्यूबच राहू द्या.

महालहून:
प्रीकॅल्क्युलेटेडसाठी शब्दही जुन्या वहीतच आहे. रोजच्या नोंदींची किर्द, तिच्यावरून खातेवार खतावणी, खतावणीवरून बेरजांचा गोषवारा, म्हणजे तेरीज. तेरीज हाती असली की एका आकड्यासाठी किर्द चाळत बसावं लागत नाही. क्यूबवरून आकडे काढण्याच्या पद्धतीला ओलॅप हे नाव संगणकतज्ज्ञ कॉडने 1993 मध्ये आणलं, तेरीज त्याच्या कितीतरी आधीची.

फक्त तेरजेतली सरासरी पुन्हा सरासरीत घालू नका, पोरं नेमकी तिथेच फसतात. समजा आंबिया बहाराचे 100 क्विंटल 3000 रुपयांनी गेले, मृगाचे 300 क्विंटल 5000 नी. दोन भावांची सरासरी 4000, खरा सरासरी भाव 4500. केटलमध्ये हिशेब करू नये, एकूण पातळीचा आकडा क्यूबलाच मागावा.

धरमपेठहून:
आमचा क्यूब मॉन्ड्रियनचा, म्हणजे पेंटाहोच्याच क्यूब चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे. चालेल?

महालहून:
मग जरा जपून. मॉन्ड्रियन मूळ टेबलांवरच चालतो, बेरजा मागितल्यावर काढतो आणि पुढच्या वेळेसाठी स्मरणात ठेवतो. बेरजांची वेगळी टेबलं बनवून त्याला दाखवली असतील, तर खुशाल तेरीज म्हणा. नाहीतर ती तोंडी बेरीज.

धरमपेठहून:
टेबलं आहेत. आणि आकडे घेण्याला 'क्यूबशी जोडणी' लिहिलं तर?

इतवारीहून:
जोडणी नळाची. ती झाली म्हणून पाणी आलं असं होत नाही. आकडे घेण्याला उतारा म्हणा, सातबाऱ्यासारखा. केटलच्या हातीही शेवटी सपाट ओळी-रकानेच येतात.

धरमपेठहून:
लिहिलं: "क्यूबवरून तेरजेचा उतारा घ्या." शेजारच्याने वाचलं. म्हणे, "घेतो, पण ठेवायचा कोणत्या चौकात?"