डिसेंबरात गुलमर्ग: बर्फ कमी म्हणजे धोका कमी?

अजिंक्यतारा_वाट: साताऱ्याचे काही जण डिसेंबरअखेर गुलमर्गला बॅककंट्री स्कीइंगला, म्हणजे राखलेल्या उतारांबाहेरच्या मोकळ्या डोंगरात, निघालेत. माझ्या मते नवख्यांना हीच वेळ बरी. 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी तिथे परदेशी स्कीयर हिमस्खलनात गेले ते फेब्रुवारीत, भरपूर बर्फ असताना. बर्फच थोडा असेल तर अंगावर येणार काय?

कृष्णाकाठ_वाई: हे गणित उलटं आहे. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास राहते. निरभ्र रात्री वरचा थर उणे 12 वर गेला आणि बर्फ 40 सेंटिमीटरच असला, तर दर 10 सेंटिमीटरला 3 अंशांचा फरक पडतो. हा फरक 1 अंशाच्या वर गेला की तळातली वाफ वर सरकते आणि खाली जाड साखरेसारखे कोनदार, सुटे दाणे उरतात. मुठीत दाबून बघा, गोळा होत नाही. तेच दीड मीटर बर्फात फरक 0.8 वर येतो. म्हणजे पातळ थरच तळातून भुसभुशीत होतो. परातीत मोहरी पसरा, वर पोळपाट ठेवा आणि परात हळूहळू तिरकी करा. वाऱ्याने दाबलेला बर्फाचा घट्ट थर, म्हणजे लादी, साखरी बर्फावरून तशीच सुटते. फेब्रुवारीतल्या बर्फाखालीही बऱ्याचदा डिसेंबरचाच तळ असतो.

शिवाय लादी 30 सेंटिमीटरची असली तरी ती माणसाला उघड्या दगडांवरून फरफटत नेते. खाली आपल्याकडच्यासारखी नाळ असेल तर सगळा बर्फ तिथेच साचतो.

कास_पठार: वाईकर, तळाचं पटलं. पण डिसेंबरात तो तळ बघणंही सोपं आहे. जमिनीपर्यंत खड्डा खणायचा, 30 बाय 30 सेंटिमीटरचा स्तंभ मोकळा करायचा, वर फावड्याचं पातं ठेवायचं. मग 10 टपल्या मनगटातून, 10 कोपरातून, 10 खांद्यातून. मनगटातच स्तंभ सरकला तर मागे फिरायचं. बर्फ दोन मीटर असला की एवढं खणायला कोण थांबतं?

कृष्णाकाठ_वाई: खड्डा जरूर खणा, पण त्याच्या भरवशावर उतारावर जाऊ नका. वारा बर्फ सारखा पसरत नाही. इथे 60 सेंटिमीटर, वीस पावलांवर 25. लादी बहुधा अशा पातळ जागीच फुटते, दगडाच्या किंवा झुडपाच्या कडेला. स्तंभ करायचाच तर 90 बाय 30 चा करा आणि एका टोकाला ठोका. भेग दुसऱ्या टोकापर्यंत धावली तर तो उतार सोडा. पायाखाली ‘धप्प’ आवाज आला तर तळ खचतोय; खणत न बसता मागे फिरा.

निर्णय कोनावर घ्या. लादी बहुतेक 30 ते 45 अंशांत सुटते. मोबाईलमधला कोनमापक स्कीच्या काठीवर धरून उतार मोजा. चंदिगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलन बुलेटिन रोज सकाळी वाचा.

अजिंक्यतारा_वाट: कोनाचं मान्य. पण मग माझंही म्हणणं टिकतंच: 30 च्या खाली राहणाऱ्या नवख्याला डिसेंबर चालतो. बीकन (पुरलेल्याचा ठाव देणारं, अंगावर बांधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळी), फावडं प्रत्येकाकडे हवंच. पुरलेल्या माणसासाठी पहिली 10-15 मिनिटंच हातात असतात, म्हणून बीकन पिशवीत घालून किल्ल्यावरच्या गवतात लपवायचा आणि शोधायचा सराव निघण्याआधी इथेच व्हावा.

कृष्णाकाठ_वाई: सरावात मोबाईलही खिशात असू द्या, म्हणजे सवय तिथेच लागेल: मोबाईलमुळे बीकनचा संदेश बिघडतो, म्हणून बीकन नुसता चालू असताना मोबाईल 20 सेंटिमीटर लांब, शोधताना 50. आणि 30 च्या खाली म्हणताना मान वर करून बघा. तुम्ही 25 अंशांवर असाल आणि डोक्यावर 38 अंशांचा उतार भरलेला असेल, तर तुम्ही खाली असतानाही तुमच्या वजनाने तो सुटू शकतो.