हाताने शिवलेलं पाकीट: मागचे टाके वाकडे, घडीला सुरकुती, भोकांभोवती काळे डाग

सुरंगी (वेंगुर्ला)

नमस्कार मंडळी. मधोमध दुमडणारं साधं पाकीट आहे, दोन सुयांनी हाताने शिवलेलं. बाहेरचं चामडं म्हशीचं, 1.2 मिमी, झाडाच्या सालीत कमावलेलं. आतलं अस्तर आणि कार्डांचे कप्पे बकरीच्या चामड्याचे, 0.8 मिमी. भोकं 4 मिमी अंतराच्या दातेरी छिन्नीने पाडली आहेत, दोरा मेण लावलेला पॉलिएस्टर, 0.8 मिमी. काम जुलैतलं.

समोरून टाके तिरके आणि एकसारखे दिसतात. मागून मात्र काही तिरके, काही सरळ, आणि ओळ नागमोडी. पाकीट मिटलं की घडीशी आतलं अस्तर चुरगळतं. बाहेरच्या बाजूला भोकांभोवती काळपट ठिपके आलेत, पुसून जात नाहीत. डाव्या कडेला दोन थरांमध्ये फट पडली आहे, टाके शाबूत असूनही.

हे उसवून वाचवता येईल का, की नवीन कापावं? आणखी एक, बंदरावर जाळ्यांचा नायलॉन दोरा आणि तंगूस (एकाच तंतूचा मासेमारीचा दोरा) हवा तेवढा मिळतो. तो पाकिटाला चालेल का?

खाडीकाठ (दाभोळ)

सुरंगीताई, नागमोडी ओळ आणि टाक्यांचा बदलता कल हे दोन वेगळे दोष आहेत, एकत्र धरू नका.

ओळ बिघडते ती भोकं पाडताना, सुई हातात घ्यायच्या आधीच. कडेला सगळे थर मिळून 3 मिमी तरी भरत असतील. छिन्नी 10 अंश कलली तर तेवढ्या जाडीत पलीकडचं भोक अर्धा मिमी सरकतं. समोर काहीच कळत नाही, मागे मात्र एक भोक कडेजवळ आणि पुढचं आत. छिन्नी सहसा डोक्याच्या दिशेने कलते, कारण आपण समोर बसून वाकून बघतो. छिन्नीच्या बाजूला गुण्या (काटकोनी पट्टी) उभा ठेवा आणि त्याला समांतर धरा. खाली जाड प्लॅस्टिकचा कडक पाट हवा. रबराच्या मऊ तुकड्यावर चामडं दबतं आणि छिन्नी तिरकी घुसते. आधी नुसता दाब देऊन चारही दात रेषेवर उमटवा, मग ठोका. पुढच्या वेळी पहिला दात मागच्या शेवटच्या भोकात बसवायचा, म्हणजे अंतर चुकत नाही.

कप्प्याच्या वरच्या ओठावर नेमकं भोक पडता कामा नये. एक भोक ओठाच्या वर, पुढचं खाली, म्हणजे टाका ओठावरून जातो आणि कार्ड काढता-घालताना कोपरा फाटत नाही. म्हणून रेषा आखताना मोजणी ओठापासून सुरू करा, तळापासून नाही. राहिलेला एखादा मिमी तळाच्या कोपऱ्याकडे दोन-तीन टाक्यांत वाटून टाकता येतो.

आता टाक्यांचा कल. प्रत्येक भोकात दोन्ही सुया जातात. कुठली आधी आणि दुसरी पहिल्या दोऱ्याच्या कुठल्या अंगाने, हे शेवटपर्यंत बदलायचं नाही. समजा डावी सुई आधी घातली. तिचा दोरा ओढून भोकाच्या एका टोकाला, समजा आपल्यापासून लांबच्या टोकाला, टेकवून धरा आणि उजवी सुई मोकळ्या टोकातून घाला. पुढच्या भोकात चुकून उजवी आधी गेली, किंवा दोरा दुसऱ्या टोकाला राहिला, की मागच्या बाजूचा तो एकच टाका सरळ होतो. तुमच्याकडे काही तिरके काही सरळ आहेत, म्हणजे क्रम अधूनमधून उलटतोय. ओढतानाही दोन्ही हात सारखे, दिशा दर वेळी तीच. बकरीचं चामडं मऊ असतं, फार ताणलं तर टाक्याखाली दबून कड लाटांसारखी दिसते. दोरा चामड्यावर नीट टेकला की थांबायचं.

सुई बोथट टोकाची हवी. दाभण किंवा टोकदार सुई नको, ती पहिल्या दोऱ्याच्या पोटातून जाते. मग दोरा ना पुढे सरकतो ना मागे, आणि तो टाका उसवायचा म्हटलं तर दोरा चिरावा लागतो. दुसरी सुई अर्धी आत गेली की पहिला दोरा हलकासा मागे ओढून बघा. सरकला तर ठीक.

दोऱ्याची जाडी: 4 मिमी अंतराला 0.8 चालतो पण भरगच्च दिसतो, आणि बारीक भोकात दोनदा जाताना अडकतो. या जाडीच्या चामड्याला 0.6 घ्या. लांबी शिवणीच्या चौपट अधिक 30 सेंमी.

कातळ (रत्नागिरी)

काळे ठिपके म्हणजे लोखंड. सालीत कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं. ओलसर चामड्याला लोखंडाचा गंज लागला की दोन्ही मिळून काळा रंग तयार होतो, जुन्या काळी शाई याच प्रक्रियेने करत. वेंगुर्ल्यात जुलैत खारी हवा आणि दमट चामडं, त्यात छिन्नीच्या दातांवर डोळ्याला दिसणारही नाही इतका गंज, एवढं पुरतं. क्रोम चामड्यावर (सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांत कमावलेल्या) असे डाग सहसा पडत नाहीत. खात्री करायची तर कापलेली कड बघा: क्रोमच्या पोटात निळसर-करडी झाक दिसते, सालीतलं आरपार तपकिरी.

डाग ताजे असतील तर लिंबाच्या रसात तितकंच पाणी घालून कापसाने टिपा. चोळू नका. ठिपका फिका झाला की स्वच्छ पाण्याच्या ओल्या फडक्याने दोनदा पुसा, आंबटपणा आत राहू देऊ नका. पाणी फक्त ठिपक्यावर न लावता अख्ख्या पानावर, म्हणजे बाहेरच्या सबंध तुकड्यावर, हलकं फिरवा, नाहीतर वाळल्यावर पाण्याची कड उमटते. सावलीत वाळवायचं. पुढे छिन्नी, आरी, रापी (चामडं कापायची सुरी), सगळ्याला काम झाल्यावर मशीन ऑइलचा हात, आणि वापरण्याआधी ते तेल कोरड्या फडक्याने पूर्ण काढायचं.

डाव्या कडेची फट हाही पावसाळ्याचाच प्रताप असावा. रबरी चिकटवणीतला द्रव उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, आणि दमट हवेत त्यावर बाष्प बसतं. हाताला कोरडं लागतं, पण मध्ये पाण्याचा पापुद्रा असतो आणि थर धरत नाहीत. चिकटवणीवर पांढुरकी साय आली असेल तर नक्की तेच. जून ते सप्टेंबर हे काम उघडीप पडलेल्या कोरड्या दिवशी करा. पातळ हात द्या, 10-15 मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की जोडा आणि हातोडीने ठोका. चकचकीत बाजूवर चिकटवणी बसत नाही, कडेची 4 मिमी पट्टी आधी पॉलिश पेपरने खरवडून घ्या. आणि चिकटवण्याआधी कुठलंही तेल नको. आपल्याकडे चामडं दिसलं की खोबरेल चोळायची सवय असते, त्यावर चिकटवणी अजिबात धरत नाही.

एक सूचना, जी बहुतेक ठिकाणी लिहिलेली नसते: सगळे तुकडे एकाच दिवशी, एकाच हवेत कापा. दमटपणात चामडं फुगतं. बाहेरचं पान मुसळधार पावसात आणि आतलं उघडीप पडल्यावर कापलं, तर नंतर कडा जुळत नाहीत, आणि बकरीचं व म्हशीचं सारखं आटतही नाही.

रातांबा (मालवण)

घडीच्या सुरकुतीचं कोणी बोललं नाही. आतलं आणि बाहेरचं पान एकाच लांबीचं कापलं असणार. मिटल्यावर बाहेरच्या पानाला मोठा वळसा पडतो, आतल्याला छोटा. फरक थरांच्या मध्यांमधल्या अंतराच्या 3.14 पट. 1.2 आणि 0.8 चे थर, म्हणजे मध्यांमधलं अंतर 1 मिमी, फरक 3 मिमीच्या थोडा वर. मध्ये नोटा आल्या की अंतर वाढतं, म्हणून अस्तर 5 मिमी आखूड ठेवा. आणि घडीच्या 15 मिमी पट्ट्यात तळाला टाका घेऊ नका, डावं-उजवं पान वेगवेगळं शिवा. तिथे शिवण नेली की आखूड ठेवून काही उपयोग होत नाही.

मापं देतो. बाहेरचं पान 210 × 92 मिमी. कार्डांची पानं दोन, 98 मिमी रुंद. कार्ड 85.6 × 54 मिमी असतं, शिवण कडेपासून 3 मिमीवर धरली तर आत 92 मिमी मोकळे राहतात. 500 ची नोट 150 × 66 मिमी, तिला हे भरपूर. पण जुन्या मालिकेची 100 ची नोट 157 × 73 आहे आणि ती अजून चालते, म्हणून उंची 85 च्या खाली नेऊ नका. प्रत्येक बाजूची शिवण 92 अधिक तळाचे 95, साधारण 187 मिमी, म्हणजे 46-47 टाके. खाडीकाठ म्हणाले त्या हिशेबाने दोरा 105 सेंमी, असे दोन.

कप्पे एकावर एक पूर्ण लांबीचे लावले असतील तर कड फार जाड होते. वरच्या कप्प्यांचे तुकडे इंग्रजी टी अक्षरासारखे कापा: वरचा आडवा भाग कडेपर्यंत, खालचा भाग दोन्हीकडून 8 मिमी आत. फक्त सगळ्यात पुढचा तुकडा पूर्ण चौकोनी.

आता तंगूस. नको. एकाच तंतूचा गुळगुळीत दोरा, त्यावर मेण बसत नाही, शेवटचे उलटे टाके सरकून सुटतात, आणि बारीक घेतला तर तोच चामडं कापतो. जाळ्याचा पिळाचा नायलॉन त्यापेक्षा बरा, पण नायलॉन ताणतो. ओढून घट्ट केलेला टाका नंतर ढिला पडतो. वर त्याचा पीळ भोकातून जाताना सुटत राहतो. सरावाच्या तुकड्यावर वापरा, पाकिटावर पॉलिएस्टरच.

सुरंगी (वेंगुर्ला)

खूप आभार. चिकटवणीवर साय आली होती, क्रमही बदलत गेला होता. बाहेरचं पान 210, अस्तरही 210, पानं 98 चीच. मग उसवून त्याच भोकांतून शिवू, की कड कापून नवीन भोकं पाडू? आणि कडा घासायला काय वापरावं?

खाडीकाठ (दाभोळ)

मागच्या भोकांची ओळ अर्ध्या मिमीच्या आत असेल तर त्याच भोकांतून. उसवताना मागच्या बाजूने दर तिसरा टाका कापा आणि तुकडे चिमट्याने काढा, अख्खा दोरा ओढत बसलात तर भोकं लांबतात. अस्तर सुटं झालं की घडीच्या बाजूने 5 मिमी कमी करून पुन्हा चिकटवा.

भोकं फाटली असतील तर बाहेरच्या कडेने 4 मिमी पट्टी कापून नवी रेषा आखता येईल. मग कप्प्यात मोकळी जागा 88 मिमी उरते. एका कप्प्यात एकच कार्ड बसेल, दोन कोंबू नका. दुसऱ्यांदा कापायला मात्र जागा नाही.

शेवटी दोन टाके उलटे घ्या, दोन्ही दोरे मागच्या बाजूला आणा, 2 मिमी ठेवून कापा आणि लायटरने वितळवून बोथट सुईच्या अंगाने दाबा. ज्योत लांबून, नाहीतर चामडं करपतं. मग शिवणीवरून गुळगुळीत हातोडी हलकी फिरवा, टाके भोकांत बसतात.

कातळ (रत्नागिरी)

कडेला आधी 400, मग 800 नंबरचा पॉलिश पेपर. नंतर किराणा दुकानातला कतीरा डिंक: एक चमचा कपभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्या. बोटाने कडेवर पातळ लावा आणि लाकडाच्या गुळगुळीत काठीने, नाहीतर जाड्याभरड्या सुती कापडाने, चमक येईपर्यंत घासा. हे पाणी दमट हवेत लवकर आंबतं, फ्रीजमध्ये ठेवा, लागेल तेवढंच करा. बाहेरच्या पानाची कड यावर छान बसेल. बकरीचं क्रोम असेल तर त्याची कड घासून बसत नाही, तिथे कडेचा रंग लावावा लागेल. आधी कापलेल्या तुकड्यावर बघून घ्या.

पाकीट तयार झालं की प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आठवड्यात बुरशी धरेल. सुती कापडात गुंडाळून वारा लागेल अशा फळीवर. बुरशी आलीच तर अंगणात नेऊन कोरड्या फडक्याने झटका, मग सर्जिकल स्पिरिटचा हलका हात द्या. तोही आधी आतल्या कोपऱ्यात, रंग निघतो का बघून.