मदत हवी आहे: पुण्यात सरकारी दवाखान्यात बाळंतपण – नाव घालण्यापासून घरी येईपर्यंत काय काय होतं?

धानोरीची_सून

नमस्कार. आम्ही धानोरीत भाड्याने राहतो, गाव बार्शीकडचं. मला चौथा महिना संपत आलाय, पहिलीच वेळ आहे. आतापर्यंत घराजवळच्या खासगी डॉक्टरांकडे दाखवत होते. मागच्या वेळी त्यांनी खर्चाचा अंदाज दिला: नॉर्मलचा इतका, सिझर झालं तर इतका, बाळाला पेटीत ठेवावं लागलं तर त्याचे रोजचे पैसे वेगळे. मिस्टरांची नोकरी कंत्राटी, विमा नाही. कर्ज काढून जमेल, पण बाळ घरात यायच्या आधीच हप्ते सुरू व्हायला नकोत असं मला मनापासून वाटतं.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. पण वहिनीचं दुसरं आहे आणि तिचीही तारीख त्याच सुमारास आहे. आई एकटी दोघींचं कसं करणार? म्हणून सासूबाई इकडे येऊन राहणार आहेत. तरी आई अजून म्हणते, बघू, सातव्यात ठरवू.

तर सरकारीत नाव घालायचं म्हणते. येरवड्याचं राजीव गांधी रुग्णालय आम्हाला जवळ. कोणी म्हणतं कमला नेहरू बरं, कोणी म्हणतं थेट ससूनच गाठा. चौथा महिना संपत आल्यावर घेतात का? दर वेळी वेगळे डॉक्टर बघणार, मग माझं आधीचं त्यांना कसं कळणार? सोनोग्राफीला लांबची तारीख देतात म्हणे, तोवर वेळ निघून गेली तर? आणि सगळ्यात मोठी भीती लेबर रूमची. शेजारच्या काकूंनी सांगितलं की तिथे बायकांवर ओरडतात, जवळ कोणाला थांबू देत नाहीत. मी दुखणं सोसेन. पण त्या वेळी कोणी घालूनपाडून बोललं तर मी कोलमडेन, असं वाटतं.

"सरकारी नकोच" किंवा "सगळं छान असतं" एवढंच सांगू नका. जिने स्वतः तिथे बाळंतपण केलंय किंवा जे तिथे काम करतात, त्यांनी प्रत्यक्षात काय होतं ते सांगितलं तर फार उपकार होतील.

विश्रांतवाडीकर

वहिनी, आधी तुमच्या भागातल्या आशाताईंना गाठा. महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात विचारलं की नंबर मिळतो. माझ्या बायकोच्या वेळी अर्धी कामं त्यांनीच मार्गी लावली. ओपीडी सकाळची असते. नऊच्या आत केसपेपरच्या रांगेत लागलात तर दुपारपर्यंत मोकळ्या व्हाल, उशीर केलात तर दिवस गेला समजा. पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी सोबत ठेवा.

निवृत्त_सिस्टर

बाळ, मी महापालिकेच्या प्रसूतिगृहात आणि त्याआधी मोठ्या सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स होते. सगळी नोकरी बाळंतिणींमध्येच गेली, म्हणून सविस्तर लिहिते.

चौथ्यात घेतात, नक्की घेतात. बाराव्या आठवड्याच्या आत नाव घातलेलं उत्तम, पण उशीर झाला म्हणून कोणी परत पाठवत नाही. खासगीतले सगळे रिपोर्ट घेऊन जा. तिथे तुला माता-बाल संरक्षण कार्ड मिळेल आणि तुझी नोंद सरकारी पोर्टलवर जाईल. डॉक्टर दर वेळी वेगळे असतील, ते खरं आहे. पण वजन, बीपी, एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन), पोटाची वाढ, बाळाचे ठोके, सगळं त्या कार्डावर लिहिलेलं असतं आणि नवा डॉक्टर आधी तेच वाचतो. म्हणून तपासून उठण्याआधी "मॅडम, आजचं बीपी लिहिलंत का?" असं विचारायला लाजू नकोस. कोरे राहिलेले रकाने मी फार पाहिलेत, आणि रात्री दोन वाजता कळा देत आलेल्या बाईचं कार्ड कोरं असलं की आमचे हात बांधले जातात. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेव आणि घरात कुठे आहे ते सासूबाईंनाही दाखवून ठेव.

तपासण्या म्हणशील तर रक्तगट, एचबी, एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची), कावीळ बी आणि लघवी या होतील. साखरेची तपासणी पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. ती अशी असते: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून देतात, पाच-दहा मिनिटांत संपवायचं आणि दोन तासांनी रक्त. उपाशीपोटी यायची गरज नसते. १४० किंवा त्याच्या वर आली तर गरोदरपणातला मधुमेह धरून आहार आणि पुढचे उपचार सुरू होतात. ते पाणी गोडमिट्ट असतं, बऱ्याच जणींना मळमळतं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर लपवू नकोस, सिस्टरला सांग. तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येते, पण चुकीचा आकडा कार्डावर चढला की सगळे त्याच्याच मागे लागतात.

लोहाची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. कॅल्शियम दिवसातून दोनदा. दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत, कॅल्शियममुळे लोह अंगी लागत नाही. लोहाच्या गोळीवर चहा तर अजिबात नको. शी काळी होते, घाबरू नकोस. किती जणी तेवढ्यावरून गोळ्या बंद करतात आणि नवव्यात एचबी आठ घेऊन येतात! एचबी ११ च्या खाली गेलं की तो पांडुरोग, म्हणजे अंगात रक्त कमी. गोळ्यांनी भागलं नाही तर शिरेतून लोह देतात, तेही तिथे मोफत. धनुर्वाताच्या टीटीच्या जागी आता टीडीची (धनुर्वात आणि घटसर्प) इंजेक्शनं असतात, पहिल्या वेळेला दोन, चार आठवड्यांच्या अंतराने. जंताची एक गोळीही देतील.

सोनोग्राफीची काळजी रास्त आहे. बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत व्हायला हवी, म्हणजे तुझी वेळ आत्ताच आहे. पहिल्याच दिवशी चिठ्ठी मागून घे. तारीख त्यापुढची मिळाली तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांग. तरीही जमलं नाही तर ही एक बाहेर करून घे, इथे पैसे गेले तरी चालतील. ओळखपत्र लागेल आणि फॉर्म एफवर सही घेतील. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने तो प्रत्येक ठिकाणी भरावाच लागतो.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी. त्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ बघतात. गर्दी खूप असते, तरी एखादी ९ तारीख चुकवू नकोस. जोखमीची बाई बहुतेक तिथेच हेरली जाते.

निवृत्त_सिस्टर

कुठे नाव घालायचं ते राहिलंच. बीपी, साखर, एचबी सगळं ठीक असेल तर घराजवळ, म्हणजे तुला येरवडा. दर महिन्याला जायचंय आणि कळा सुरू झाल्यावर आळंदी रस्त्याच्या गर्दीतून वाट काढायची आहे, हे लक्षात घे. काही गुंतागुंत निघाली, जुळी असली, बीपी १४०/९० च्या वर जायला लागलं, तर ससून. तिथे बी. जे. मेडिकल कॉलेजमुळे सगळ्या शाखांचे डॉक्टर आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग एकाच आवारात आहेत. शिकाऊ डॉक्टरही असतात. आतून तपासताना खूप जण जमले तर "एकाच डॉक्टरांनी तपासा" असं म्हणायचा तुला हक्क आहे.

लहान ठिकाणाहून मोठ्या ठिकाणी पाठवलं तर तोंडी सांगण्यावर निघू नका. रेफरची चिठ्ठी आणि गाडी मागायची. १०२ ची गाडी गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांसाठीच आहे, तातडीला १०८. घरून दवाखान्यात, तिथून दुसऱ्या दवाखान्यात आणि बाळंतपणानंतर घरी, तिन्ही वेळा गाडी मोफत. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात हे सगळं येतं: नॉर्मल असो वा सिझर, औषधं, रक्त, तपासण्या, नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवसांपर्यंत जेवण. बाळ आजारी पडलं तर त्याचेही उपचार. हे सगळ्यांसाठी आहे, पिवळं रेशनकार्ड असलंच पाहिजे असं नाही.

मुंढव्याची_आई

लेबर रूमबद्दल मी सांगते, मागच्या वर्षीच सरकारीत झाली. कुठे ते लिहीत नाही.

खाटा शेजारी शेजारी असतात, मध्ये पडदा. पलीकडची ओरडते ते सगळं ऐकू येतं, आणि सुरुवातीला त्याचीच जास्त भीती वाटते. दर काही तासांनी आतून तपासतात, मधेमधे ठोके ऐकतात. माझ्या वेळच्या दिवसपाळीच्या सिस्टर खूप मायेच्या होत्या, पाठ चोळून दिली, श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं. रात्रपाळीला एक जण मात्र तोडून बोलली: "तेव्हा नाही का कळलं?" हे वाक्य मी विसरणार नाही. ते चूकच होतं आणि कुठल्याही बाईला कोणी तसं बोलू नये. माझ्या आईने तिथेच शांतपणे सांगितलं, "ताई, तिला असं बोलू नका, काय करायचं ते सांगा, ती करेल." त्यानंतर ती बोलली नाही.

म्हणून जवळ बाई हवीच. नवऱ्याला आत सोडत नाहीत, कारण बाकीच्याही बायका तिथे असतात. पण एक बाई थांबू शकते. आत जाऊ देत नव्हते तेव्हा आईने "सोबतीण ठेवता येते ना?" असं थेट विचारलं, मग सोडलं.

बाळ झाल्याबरोबर पोटावर ठेवलं. पुसून झाल्यावर सिस्टरने बाळ माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "काय झालं ते तूच बघून सांग." मी "मुलगी" म्हटलं, मगच तिने लिहिलं. माझ्या आणि तिच्या मनगटाला एकाच नंबरची पट्टी बांधली. तेवढ्या गडबडीतही आईने दोन्ही नंबर ताडून पाहिले. तूही सासूबाईंना सांगून ठेव.

वॉर्डात मावशी पेढ्यांचे पैसे मागतात. "मुलगी झाली तर एवढे, मुलगा झाला तर एवढे" असा हिशेब ऐकला तेव्हा फार वाईट वाटलं. द्यायची काही सक्ती नाही.

निवृत्त_सिस्टर

मुंढव्याच्या ताईने लिहिलंय ते खरं आहे आणि वाचून मला लाज वाटली. एका पाळीला एक सिस्टर आणि खाटा भरलेल्या, हे मी जगलेय, पण बाईला टाकून बोलायला ते कारण पुरत नाही. केंद्राने २०१७ मध्ये लेबर रूमसाठी 'लक्ष्य' कार्यक्रम आणला. त्यात सन्मानाने वागवणं आणि सोबतीण ठेवू देणं, दोन्ही आहे. तेव्हा सोबतीण म्हणजे कोणी मेहेरबानी करत नाही, हक्काने माग. सोबत येणारी स्वतः बाळंतपणातून गेलेली असली तर उत्तम, ताप-खोकला असेल तर नको. पैशांसाठी अडवलं किंवा कोणी हात उगारला तर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्या. १०४ वरही तक्रार घेतात.

नॉर्मलनंतर ४८ तास ठेवतात. त्याआधी घरी जायची घाई करू नका, रक्तस्राव आणि बाळाची कावीळ त्याच काळात दिसते. बीसीजी, पोलिओ आणि कावीळ बी या लसी घेतल्याशिवाय बाळाला घरी न्यायचं नाही. तुझा रक्तगट निगेटिव्ह असेल आणि बाळाचा पॉझिटिव्ह आला, तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन मागायचं, म्हणजे पुढच्या बाळाला रक्तगटामुळे त्रास होत नाही.

धानोरीची_सून

सगळ्यांचे खूप आभार. मिस्टरांनाही वाचून दाखवलं. सोबतीण ठेवता येते हे कळल्यावर निम्मी भीती गेली. रक्तगट बी निगेटिव्हच आहे माझा! खासगीत हे कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. इथे नाव घातलं आणि शेवटी आईचं ऐकून बार्शीला गेले तर हे सगळं वाया जाईल का? आणि ते पाच हजार रुपये मिळतात म्हणतात, ते आम्हाला लागू आहेत का?

निवृत्त_सिस्टर

निगेटिव्ह आहेस तर पहिल्या भेटीतच तोंडाने सांग आणि कार्डावर ठळक लिहून घे. मिस्टरांचा रक्तगटही तपासतील. तुझी आयसीटीची (बाळाच्या रक्ताविरुद्ध तुझ्या रक्तात काही तयार झालंय का, ती) तपासणी करतील, आणि सातव्या महिन्याच्या सुमारास अँटी-डी द्यायचं का ते डॉक्टरांना विचार. मधे कधीही रक्त गेलं, पोटाला मार लागला, तर लगेच गाठायचं.

बार्शीला गेलीस तरी वाया काही जात नाही. कार्ड आणि नोंदणी क्रमांक राज्यात कुठेही चालतो. फक्त जायचंच असेल तर सातव्यात, फार तर आठव्याच्या सुरुवातीला जा, आणि पोचल्यावर आठवड्याच्या आत तिथल्या सरकारी रुग्णालयात कार्ड दाखवून ये. नवव्यात एसटीचा प्रवास करू नकोस. आणि तुला अँटी-डी लागू शकतं, म्हणून ते तिथे असतं का ते आधीच विचारून ठेवायला आईला सांग.

ते पैसे म्हणजे प्रधानमंत्री मातृवंदना योजना. पहिल्या बाळाला पाच हजार दोन हप्त्यांत: नोंदणी आणि तपासणी झाल्यावर तीन हजार, जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर दोन हजार. दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर बसता, उत्पन्नाचा दाखला लागेल. पैसे तुझ्याच खात्यात येतात, म्हणून खातं तुझ्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं. अर्ज आशाताई भरून देतील. त्यात तपासणी सहाव्या महिन्याच्या आत झालेली लागते, म्हणून या आठवड्यातच जा.

शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून ने. केसपेपर झाला की पहिला प्रश्न तोच असतो.