विषय: जूनची सहल – स्टोक रो (आणि थोडा वाद)

नमस्कार मंडळी,

दरवर्षी बाथ, ऑक्सफर्ड, नाहीतर समुद्रकिनारा. यंदा वेगळं सुचवते: ऑक्सफर्डशरमधलं स्टोक रो. हेन्लीच्या पश्चिमेला, चिल्टर्नच्या टेकडीवर, बीच वृक्षांच्या झाडीत वसलेलं छोटं गाव. रेडिंगहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. गावात एक चर्च, एक प्राथमिक शाळा, एक सभागृह, पब, आणि रस्त्याच्या कडेला सोनेरी हत्ती असलेली घुमटाची छत्री. छत्रीखाली काशीच्या महाराजांनी खोदवलेली विहीर आहे. मुलांना दाखवायला हवीच.

– सहल समिती

---

उत्तर: स्टोक रो

सहल समितीच्या ताईंना नमस्कार.

एक विहीर बघायला पन्नास माणसं न्यायची? पबमध्ये आमची आई काय खाणार? बस किती वेळाने आहे? शौचालय आहे का? गाव सुंदर असेल, पण गावात "आहे काय" हे आधी कळू द्या.

– रेडिंगचे काका

---

उत्तर: उत्तर: स्टोक रो

काका, सुविधांचं आधी सांगते. बसवर अवलंबून राहू नये, गाड्या वाटून घेऊ. गावचं सभागृह दुपारपुरतं मिळेल का ते विचारलंय. मिळालं तर शौचालयाची आणि आईंच्या जेवणाचीही सोय होईल, डबे घरूनच न्यायचे. दोन पबची नावं माहिती आहेत: चेरी ट्री आणि क्रुकेड बिलेट. दुसऱ्यात पूर्वापार बारचा काउंटरच नाही, बिअर तळघरातून आणून देतात. अभिनेत्री केट विन्स्लेटने 1998 मध्ये लग्नाची मेजवानी तिथे दिली, तीही सॉसेज आणि बटाट्याची. जाण्याआधी फोन करणं बरं.

आता विहीर. तिला विहीर म्हणणं बरोबर नाही, तो आड आहे. रुंदी फक्त चार फूट, खोली 368 फूट. कुतुबमिनार आत उभा केला तरी त्याच्या डोक्यावर सव्वाशे फूट जागा उरेल! हाताने खोदला. माणूस आत वाकून कुदळ कशी मारत असेल, मला कळत नाही. खडूच्या दगडातला डोंगर आहे, पाऊस पडतो तो लगेच झिरपतो, वर काही थांबत नाही. म्हणून गावकरी चिखलाच्या खड्ड्यांतलं गढूळ पाणी वापरायचे, उन्हाळ्यात तेही आटायचं.

काशीशी संबंध असा: शेजारच्या इप्सडेनचे एडवर्ड अँडरडन रीड ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. 1831 मध्ये त्यांनी आझमगढला विहीर खोदवली. पुढे काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांशी त्यांची मैत्री झाली. बोलता बोलता त्यांनी आपल्या गावाकडची गोष्ट सांगितली: घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून आईने मुलाला चोप दिला. महाराजांनी ती लक्षात ठेवली आणि रीडना काही द्यायची वेळ आली तेव्हा त्यांच्या मुलखाला पाणी दिलं. 1863 मध्ये काम सुरू, 24 मे 1864 ला, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, आड खुला. आराखडा रीड यांचा, रहाट वॉलिंगफर्डच्या वाइल्डर यांचा. खर्च साडेतीनशे पौंडांच्या आसपास.

– सहल समिती

---

उत्तर: उत्तर: उत्तर: स्टोक रो

ताई, गोष्ट छान आहे, पण मला जरा खटकते. 1857 नंतर सहाच वर्षांनी, इंग्रजांच्या बाजूने राहिलेला एक राजा इंग्लंडमधल्या गावाला विहीर देतो, तीही राणीच्या वाढदिवशी खुली करतात. पैसा कुणाचा? काशीच्या रयतेचा. काशीच्या घाटांवर अहिल्याबाईंनी पैसा ओतला तो तिथल्या माणसांसाठी. हे दान की निष्ठेची पावती, हा प्रश्न सहलीत मुलांनाही विचारा.

– रेडिंगचे काका

---

उत्तर: काकांना

काका, तुमचं बरोबर आहे, पावतीही असेलच. पण मला एका गोष्टीने थांबवलं. महाराजांनी पाणी फुकट ठेवलं, गावातल्या कुणालाही. राखणदाराला शेजारीच छोटं घर, आणि खर्चाला हातभार म्हणून रीडनी चेरीची बाग लावली, नाव "ईश्री बाग". बागेतलं तळं माशाच्या आकाराचं. चेरी विकून रहाटाची डागडुजी! आमच्या आजोळी 1927 च्या महाडनंतरही कित्येक वर्षं कोणी कुठून पाणी भरायचं ते ठरलेलं होतं, आजी ते सांगताना आवाज खाली करायची. आणि इथे, ज्यांच्याशी आपलं काही नातं नाही, त्या खेड्यात रांगेत जो आधी तो आधी. राजाचा हेतू काही असो, गावकऱ्यांना त्याचं पाणी लागत होतं.

अगदी सोपंही नव्हतं म्हणा. नऊ गॅलनची बादली वर यायला दहा मिनिटं रहाट फिरवायचा. म्हणजे आपले दोन-अडीच हंडे. आडात असलं तरी पोहऱ्यात यायला घाम गाळावाच लागे. जवळपास सत्तर वर्षं हे चाललं, मग नळ आले.

1964 ला शंभरी झाली तेव्हा एलिझाबेथ राणीचे यजमान प्रिन्स फिलिप आले आणि गंगेचं पाणी आडात ओतलं. मला ते वाचून हसूही आलं आणि बरंही वाटलं.

– वोकिंगची वहिनी

---

उत्तर: उत्तर: काकांना

वहिनी, महाडच्या ओळीवर मी उत्तर देणार नाही, ती तशीच राहू द्या. आमच्या दोन जागा धरा. आईला हत्ती जवळून पाहायचा आहे, चाकाची खुर्ची रस्त्यावरून थेट छत्रीपर्यंत जाते का एवढं बघून कळवा.

– रेडिंगचे काका

---

उत्तर: जागा धरल्या

काका, खुर्चीसाठी पुढच्या शनिवारी मीच जाऊन बघून येते. थालीपीठं वोकिंगकडे, दही तुमच्याकडे. आणि सगळ्यांनी पाण्याच्या बाटल्या घरून आणा, आड फक्त बघायचा आहे.

– सहल समिती