फायली गाळायच्या, चाळायच्या की वगळायच्या?

(चर्चेचा धागा. लिहिणाऱ्यांची ओळख पुण्यातल्या त्यांच्या भागाच्या नावाने.)

पाषाण

पदविकेच्या पहिल्या वर्षाला शिकवते. वर्गातली बरीच मुलं सोलापूर, लातूर, बीडकडून पुण्यात आलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. त्यांच्यासाठी व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरची मराठी टिपणं लिहिते आहे आणि शोधाच्या पानावर एका क्रियापदाशी थांबले आहे.

काम काय आहे ते आधी सांगते. कंट्रोल-पी दाबलं की नावावरून फाइल उघडता येते. मधली अक्षरं सोडून टाइप केलं तरी सापडते, फक्त अक्षरांचा क्रम तोच हवा. कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबलं की सगळ्या फायलींच्या आतला मजकूर शोधता येतो. तिथे तीन टिंबांवर क्लिक केलं की दोन चौकटी उघडतात: एकीत कोणत्या फायलींत शोधायचं ते लिहायचं, दुसरीत कोणत्या सोडायच्या ते. शिवाय डावीकडच्या फायलींच्या यादीत जाऊन कंट्रोल-एफ दाबलं की एक लहान चौकट येते. तिच्यातलं नरसाळ्याचं बटण चालू असेल तर न जुळणारी नावं दिसेनाशी होतात. बंद असेल तर यादी पूर्ण राहते आणि जुळणारी नावं तेवढी ठळक होतात.

माझ्या मसुद्यात यांतल्या बहुतेक ठिकाणी 'गाळणे' आहे. वर्गात "चाचणीच्या फायली गाळा" असं सांगितलं, तर काहींनी पडद्यावर फक्त चाचणीच्या फायली ठेवल्या आणि काहींनी नेमक्या त्याच घालवल्या. या मुलांचं मराठी पक्कं आहे, त्यामुळे गोंधळ शब्दातच असणार. कोणता शब्द घ्यावा?

सदाशिव पेठ

ताई, मुलांनी दोन अर्थ घेतले कारण मराठीत ते दोन्ही आहेत. 'गाळणे'चं कर्म कधी हाती उरणारी वस्तू असते, कधी हातची गेलेली. पाणी गाळलं म्हणजे पाणी ठेवलं, कचरा फडक्यावर राहिला. यादीतून नाव गाळलं म्हणजे नाव गेलं. 'गाळीव' म्हणजे स्वच्छ केलेलं, ठेवण्याजोगं. पण प्रश्नपत्रिकेतल्या 'गाळलेल्या जागा भरा' या ओळीत गाळलेलं म्हणजे तिथे नसलेलं. ही ओळ तर प्रत्येक मुलाने शाळेत शेकडो वेळा वाचलेली. पातळ पदार्थाला एक अर्थ आणि यादीला, मजकुराला दुसरा, अशी साधारण वाटणी दिसते. फायली म्हणजे यादीच, म्हणून त्या घालवणाऱ्या मुलांचा अर्थ मला जास्त जवळचा वाटतो. पण शिकणाऱ्यासाठी लिहिलेली सूचना अशी हवी की तिथे अर्थ ठरवत बसायची वेळ येऊ नये.

'निवडणे' घ्यावं असं कोणीतरी सुचवेलच. तिथेही तीच अडचण. तांदूळ निवडताना तांदूळ ठेवायचे असतात आणि तांदळातले खडे निवडताना खडे टाकायचे असतात. दोन्ही वाक्यं घरोघरी रोज बोलली जातात आणि स्वयंपाकघरात कोणाचा घोळ होत नाही, कारण खडे कोणी शिजवत नाही. चाचणीच्या फायली मात्र एकाला हव्या असतात, दुसऱ्याला नको असतात. जिथे संदर्भ मदतीला येत नाही तिथे क्रियापदालाच सगळा भार पेलावा लागतो.

'चाळणे' तर मी क्रियापद म्हणून मुळीच घेणार नाही. पुस्तक चाळणं म्हणजे पानं उलटत वरवर बघणं. "फायली चाळा" म्हटलं तर मुलं एकेक फाइल उघडून बघत बसतील, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही. नाम मात्र उत्तम आहे: चाळणी. आमच्या भागातल्या कुठल्याही अभ्यासिकेत जा, लोकसेवा आयोगाची तयारी करणाऱ्या मुलाला 'चाळणी परीक्षा' काय असते ते समजावून सांगावं लागत नाही. चाळणीतून पार होतो तो पुढे राहतो, एवढा अर्थ त्या नामात पक्का बसलेला आहे. 'अर्जांना चाळणी लावली' हेही वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. 'छाननी' जवळचा शब्द आहे, पण उमेदवारी अर्जांची छाननी कोणीतरी बसून, वाचून, विचार करून करतं. इथे नावातली अक्षरं जुळतात की नाही एवढंच यंत्र पाहतं, त्यामुळे तो शब्द इथे फार मोठा होतो.

दुसऱ्या चौकटीसाठी 'वगळणे'. या क्रियापदाचं कर्म कायम बाहेरच जातं. 'रविवार वगळून रोज सकाळी' ही पाटी वाचून रविवारी कोणी येत नाही.

हिंजवडी

काका, 'वगळणे' एकदम मान्य. कामावरची भाषा सांगतो. आमच्याकडे कोणी गाळत नाही आणि चाळतही नाही. 'फिल्टर लाव', 'फिल्टर काढ', 'सर्च मार', टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडं असेल तर 'ग्रेप मार'. ग्रेप हे 1973 च्या सुमाराचं, युनिक्स या संगणकप्रणालीवरचं, केन थॉम्प्सन यांचं मजकूर शोधायचं साधन. नाव 'एड' या त्याहून जुन्या एडिटरमधल्या एका आज्ञेच्या अक्षरांवरून आलं. व्हीएस कोडच्या शोधामागेही आज रिपग्रेप नावाचं साधन चालतं, म्हणजे तो वारसा अजून चालू आहे.

पण ताई, 'फिल्टर' लिहून तुमचा प्रश्न सुटणार नाही. "टेस्टच्या फायली फिल्टर कर" हे वाक्य तितकंच दुतोंडी आहे. आमच्यात तरीही गोंधळ होत नाही, याचं कारण मी या धाग्याच्या निमित्ताने दोन दिवस कान देऊन ऐकलं. आम्ही नुसतं 'फिल्टर कर' असं म्हणतच नाही. नको असेल तर "फिल्टर करून टाक", हवं असेल तर "फिल्टर करून घे". दिशा 'टाकणे' आणि 'घेणे' सांगतात. हीच जोडी तुमच्या मराठी क्रियापदांना लावून बघा: पाणी गाळून घे, नाव गाळून टाक. तांदूळ निवडून घे, खडे निवडून टाक. 'वगळून टाक' चालतं, 'वगळून घे' कोणाच्या तोंडून येणारच नाही. म्हणजे काका म्हणतात ते बरोबर, वगळण्याची दिशा मुळातच एक आहे. बाकीच्यांना सहायक क्रियापद द्यावं लागतं.

एक तांत्रिक भर. व्हीएस कोडमध्येच चुका दाखवणारा एक विभाग आहे. तिथे चाळणीची चौकट एकच असते आणि तिच्यात दोन्ही गोष्टी लिहिता येतात. नमुना (म्हणजे जुळवायची अक्षरं) नुसता लिहिला तर जुळणारं तेवढं राहतं, नमुन्याच्या आधी उद्गारचिन्ह दिलं तर जुळणारं तेवढं जातं. म्हणजे 'घे' आणि 'टाक' यांच्यातला फरक तिथे एका चिन्हावर आहे. मुलांना हे शिकवताना 'टाक'चं चिन्ह म्हणून उद्गारचिन्ह दाखवलं तर लगेच लक्षात राहील असं मला वाटतं.

आणि 'लपवणे' वेगळं ठेवा. सेटिंगमध्ये 'फाइल्स डॉट एक्सक्लूड'मध्ये नमुना घातला की ती फाइल डावीकडच्या यादीतूनही जाते आणि शोधातूनही. 'सर्च डॉट एक्सक्लूड'मध्ये घातला तर यादीत दिसत राहते, फक्त शोधात आणि कंट्रोल-पीमध्ये येत नाही. नोड मॉड्यूल्सचं फोल्डर (प्रकल्पात आणलेला इतरांचा तयार कोड) मुळातच या दुसऱ्या प्रकारात असतं, म्हणून ते समोर दिसतं पण त्यातला मजकूर शोधाला लागत नाही. मुलं हमखास विचारतात, "सर, दिसतंय तर सापडत का नाही?" पहिल्याला 'लपवा', दुसऱ्याला 'शोधातून वगळा' म्हटलं तर उत्तर नावातच आलं. दोन्हींत फाइल डिस्कवर जागच्या जागी असते, हेही एकदा ठळक लिहा. नवख्या मुलाला फाइल दिसेनाशी झाली की ती गेलीच असं वाटतं.

कर्वेनगर

कंट्रोल-पीसाठी 'शोधा' नको वाटतं. आपल्याला फाइल ठाऊक असते, ती फक्त समोर हवी असते. सरकारी कचेरीत असताना साहेब म्हणायचे, "ती फाइल काढा," आणि शिपाई कपाटातून नेमकी काढून द्यायचा. 'फाइल काढा' हा शब्दप्रयोग तयारच आहे.

हिंजवडी

शब्दप्रयोग छान आहे, मलाही आवडला असता, पण एडिटरमध्ये तो धोक्याचा आहे. काढून देणं आणि काढून टाकणं, दोन्ही 'काढणे'च. त्याच यादीत उजवं क्लिक केलं की फाइल हटवण्याचा पर्याय येतो. ज्या पडद्यावर फाइल खरोखर नष्ट करता येते तिथे सहायक क्रियापदाशिवाय नुसतं 'काढा' लिहू नये. 'नावावरून उघडा' पुरेसं आहे.

बिबवेवाडी

मी मराठी मजकुराच्या वेबसाइटचं काम करते, त्यामुळे एडिटरमध्ये रोज देवनागरी शोधावं लागतं. शब्द कुठलाही ठरवा, पण मुलांना एक गोष्ट जरूर दाखवा.

'ॲप' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात 'ॲ' हे अखंड एक अक्षर असतं, जे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, 2008 साली आलं. दुसऱ्यात 'अ' आणि त्यावर अर्धचंद्र अशी दोन चिन्हं असतात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, डोळ्याला फरक कळत नाही. एडिटर मात्र चिन्हं जुळवतो, रूप नाही. त्यामुळे एका प्रकारे टाइप करून शोधलं तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेलं एकही 'ॲप' सापडत नाही आणि निकाल शून्य येतो. 'ऱ'चंही तसंच: एक अखंड 'ऱ', एक 'र' खाली नुक्ता दिलेला. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'करणाऱ्या' हे शब्द तर आणखी एका पद्धतीने, 'र'ला अदृश्य जोडचिन्ह लावूनही लिहिले जातात. हिंजवडीचे सर म्हणतात तसा 'दिसतंय तर सापडत का नाही' हा प्रश्न मराठी मजकुराला दुप्पट लागू आहे.

उपाय दोन. शोधाच्या चौकटीतलं रेग्युलर एक्स्प्रेशनचं (एकाच वेळी अनेक रूपं जुळवणाऱ्या नमुन्याचं) बटण चालू करून दोन्ही रूपं उभ्या रेघेने जोडायची: ॲप|अॅप. हा तात्पुरता. कायमचा उपाय म्हणजे प्रकल्पात एकच रूप ठरवायचं आणि सगळीकडे शोधून-बदलून तेच करायचं. ताई, तुमच्या टिपणांतही 'फाइल' आणि 'फाईल' यांतलं एकच ठेवा, नाहीतर मुलं टिपणांतच शोधायला गेली तर अर्धी पानं सापडणार नाहीत.

पाषाण

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच्या तासाला हा मजकूर लावून पाहिला:

"नावावरून उघडा: कंट्रोल-पी. सगळ्या फायलींत शोधा: कंट्रोल-शिफ्ट-एफ. वरची चौकट: फक्त या फायलींत शोधा. खालची चौकट: या फायली वगळा. यादीला चाळणी लावा: जुळणारी नावं राहतील, बाकीची तात्पुरती दिसणार नाहीत. चाळणी काढा."

"घे की टाक?" हे तर मुलांनी लगेच उचललं. एकाने उद्गारचिन्हाला 'टाकचिन्ह' म्हणायला सुरुवात केली आणि मी ते राहू दिलं आहे. शेवटच्या ओळीबद्दल मात्र विचारायचं आहे. 'चाळणी काढा' बरं वाटतं का?

सदाशिव पेठ

'लावणे'ची जोडी 'काढणे'शीच जमते, कुलूप लावतो-काढतो, चष्मा लावतो-काढतो. तेव्हा मराठी म्हणून ते निर्दोष आहे आणि इथे कर्म चाळणी आहे, फाइल नाही, म्हणून हिंजवडीच्या सरांची हरकत इथे लागू पडत नाही. तरीही मी 'चाळणी काढा, म्हणजे सगळ्या फायली पुन्हा दिसतील' असं पूर्ण लिहीन. टिपणात जागा आहे, आणि फायली परत येणार आहेत हे मुलाला बटण दाबण्याआधी कळलं पाहिजे.