'तोच असणे' याला मराठीत काय म्हणावे? (बोलणाऱ्यांची नावे बडोद्यातल्या भागांची आहेत.)

रावपुरा : तत्त्वज्ञानाच्या टिपणाचे मराठी करताना अडलो आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी 1971 च्या लेखात असे मांडले की, माझ्या मेंदूचे दोन अर्धे भाग दोन निराळ्या देहांत बसवले आणि माझ्या आठवणी, हेतू, स्वभाव दोघांतही उतरले, तर ती दोन माणसे मिळून एकच 'मी' ठरत नाही. तरीही याला मरण म्हणणे विपरीत आहे, म्हणून महत्त्व मनाच्या सलगतेला आहे, 'तोच' असण्याला नाही. 'तोच असणे' यासाठी मी 'ओळख' लिहिले. आमच्या बाईंनी ते खोडून 'अस्मिता' केले.

दांडिया बाजार : दोन्ही नकोत. योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी एक आहे आणि आजच्या मराठीत ती भाषेची नाहीतर प्रांताची असते. ओळख पाहणाऱ्यापाशी असते. ज्याला कोणीच ओळखत नाही, तोही 'तोच' असतो. 'अभिन्नता' लिहावे.

कारेलीबाग : 'अभिन्नता' म्हटले की अद्वैत डोक्यात येते. 'सोऽयं देवदत्तः' (हा तोच देवदत्त) या जुन्या उदाहरणातला 'तो' घेऊन सरळ 'तोचपणा' म्हणावे. सलगतेसाठी बौद्धांचा 'संतान' नेमका होता, पण मराठीत त्याचे मूल झाले. आमच्या घरी 'सळंग' म्हणतात.

दांडिया बाजार : तो गुजराती शब्द आहे. बडोद्यात राहतो म्हणून 'सलग' टाकायचे काय?

कारेलीबाग : पिढ्यान्‌पिढ्या इथल्या मराठी घरांत बोलला जाणारा शब्द परका कसा, हे पुण्याच्या कोशाला विचारायचे कारण नाही.

मांडवी : मुद्द्यावर येऊ. कवळाण्याचे गोपाळराव 1875 मध्ये दत्तक गेले आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव झाले. नाव, घर, आई बदलली, आठवणी त्याच राहिल्या. मग पारफिट यांचेच खरे नव्हे काय?

रावपुरा : नव्हे. तिथे एकाचा एकच राहिला, त्यामुळे तोचपणा आणि सलगता दोन्ही टिकल्या; बदलली ती ओळख, म्हणजे बाईंनी माझा शब्द खोडला ते योग्यच होते. पारफिट यांची गाठ एकाचे दोन होण्यात आहे. शिवाय सलगता कमीजास्त असू शकते, तोचपणा मात्र असतो किंवा नसतो. हा भेद शब्दातून दिसायला हवा.

दांडिया बाजार : 'दत्तक गेले' का? राजघराण्याच्या बाबतीत 'दत्तक घेतले' हेच शुद्ध, महाराणी जमनाबाईंनी घेतले.

मांडवी : कवळाण्याकडून पाहिले तर 'गेले'च.