मदत हवी आहे : शेतीच्या हंगामात व्यायाम कसा टिकवावा?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात शेती करतो. रक्तातील साखर वाढू लागल्याने डॉक्टरांनी रोज अर्धा तास झपाझप चालण्यास सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. परंतु सोयाबीनची सवंगणी, मग कापसाची वेचणी, त्यातच हरभऱ्याला रात्रीचे ओलित, अशी कारणे मला वर्षभर पुरतात. शेतात राबतो तेवढे पुरे, असे मी मनाला समजावत आलो. मात्र गेल्या आठवड्यात फवारणीचा पंप पाठीवर असताना धाप लागून धुऱ्यावर बसावे लागले, तेव्हा खरोखर भीती वाटली. रात्री ओलित करूनही ज्यांनी चालणे टिकवले आहे, त्यांनी वेळ कोणती ठरवली आणि झोप कशी भरून काढली, हे कृपया सविस्तर सांगावे.